दहावी झालेल्या मुलाला घेऊन ॲडलेड ते उलुरू: गाडीत मोठं माणूस एकच असेल तेव्हा

ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकबद्दल, म्हणजे आतल्या ओसाड, विरळ वस्तीच्या भागाबद्दल, जी माहिती मिळते ती बहुतेक दोन प्रकारच्या लोकांसाठी असते. एक म्हणजे निवृत्त जोडपी, जी कॅरव्हान घेऊन महिनोन् महिने फिरतात. दुसरी विशीतली पोरं, चौघं-पाचजण मिळून आळीपाळीने गाडी चालवणारी. आई किंवा बाबा आणि एक पंधरा-सोळा वर्षांचं मूल, एवढीच जोडी असेल तर यातलं निम्मं लागू पडत नाही. कारण साधं आहे. गाडी चालवणारं माणूस एकच. ते दमलं की प्रवास थांबला आणि ते आजारी पडलं तर पुढचं सगळं त्या मुलाच्या हातात.

मी आणि आमचे चिरंजीव असे दोघंच गेलो होतो, नवऱ्याला रजा नव्हती. ही माहिती त्या बेताने लिहिली आहे: ॲडलेडला उतरायचं, स्टुअर्ट हायवेने उत्तरेला जायचं, उलुरू (वाळवंटातला प्रचंड खडक) आणि किंग्ज कॅनियनची दरी बघून ॲलिस स्प्रिंग्जला गाडी सोडायची आणि विमानाने परत. संपूर्ण रस्ता डांबरी आहे, साधी गाडी चालते. ऑस्ट्रेलियातच राहणाऱ्यांनी पासपोर्ट-व्हिसाचा भाग सोडून पुढे वाचावं.

1. महिना आधी, बाकी सगळं नंतर

मे ते सप्टेंबर. याबाहेर जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा 40 च्या वर जातो, माशा तोंडात जातात आणि चालण्याचे बरेच मार्ग उन्हामुळे बंद ठेवतात. आपल्याकडची उन्हाळी सुट्टी मात्र इथे चपखल बसते. मेमध्ये मध्य ऑस्ट्रेलियात दिवसा विशीतलं तापमान, रात्री चांगलीच थंडी. जून-जुलैत पहाटे शून्याखालीही जातं. वाळवंट म्हणून नुसते टी-शर्ट भरू नका. जाड जॅकेट, कानटोपी, मोजे घ्याच.

दहावीच्या मुलांसाठी एक अडचण आहे. निकाल आणि अकरावीचा ऑनलाइन प्रवेश नेमका याच दिवसांत येतो. अर्जाचं लॉगिन, पासवर्ड, ओटीपी येणारा मोबाइल आणि कॉलेजांचा पसंतीक्रम घरी राहणाऱ्या माणसाकडे देऊन ठेवा. आउटबॅकमध्ये दिवसातले कित्येक तास रेंज नसते, तिथून फॉर्म भरणं विसरा. घड्याळाचा हिशेब सोपा आहे. त्या दिवसांत ॲडलेड, उलुरू, ॲलिस सगळीकडे भारतापेक्षा बरोबर 4 तास पुढची वेळ असते.

जुलैच्या सुरुवातीला तिथल्या शाळांना सुट्टी लागते आणि उलुरूजवळचं युलारा भरून जातं. तिथे राहण्यासाठी आजूबाजूला दुसरं गाव नाही. म्हणून तारखा ठरल्या की पहिलं बुकिंग युलाराचं करा, मग त्याला धरून बाकीचे मुक्काम बसवा.

2. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर ईटीए (ऑनलाइन मिळणारी झटपट प्रवेश-परवानगी) मिळत नाही. व्हिजिटर व्हिसा लागतो, सबक्लास 600, दोघांचा स्वतंत्र अर्ज. मूल 18 वर्षांखालचं आणि सोबत एकच पालक असेल तर मुख्य कागद म्हणजे फॉर्म 1229: मागे राहणाऱ्या पालकाची व्हिसाला संमती. तो भरून, सही करून, सही करणाऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रतीसह मुलाच्या अर्जाला जोडायचा. मुलाचा ताबा कोर्टाच्या आदेशाने एकाकडे असेल तर तो आदेश लागतो. दुसरा पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला.

सोबत ठेवायची यादी:

- दोघांचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती
- मुलाचा जन्मदाखला, इंग्रजीतला, आईवडील दोघांची नावं असलेला
- फॉर्म 1229 ची प्रत आणि मागे राहिलेल्या पालकाचं साधं संमतिपत्र, फोन नंबरसह
- तुमचं लायसन्स, शिवाय आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना
- गाडी घेणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड (डेबिट कार्डावर गाडी मिळताना खळखळ होते)
- प्रवास विमा, त्यात दुर्गम भागातून रुग्ण हलवण्याचा खर्च धरलेला
- नेहमीची औषधं आणि डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन

जन्मदाखला आणि संमतिपत्र कुणी मागेलच असं नाही. पण विमानतळाच्या काउंटरवर एकट्या पालकाला "मुलाचे वडील कुठे आहेत" असं विचारलं जाऊ शकतं, तेव्हा बॅग उचकत बसायला नको.

खाण्याच्या वस्तूंबद्दल: विमानात मिळणाऱ्या कार्डावर अन्नपदार्थ आहेत का या प्रश्नाला "हो" लिहा. लोणच्याची एक बाटली असली तरी "हो". जाहीर केलेली वस्तू चालण्यासारखी नसली तर फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली तर जबर दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. दुधाची मिठाई, पेढे, बर्फी नेऊच नका. डाळ-तांदूळ ॲडलेडच्या भारतीय दुकानांत मिळतात.

3. गाडी घेताना: बारीक अक्षरं वाचायची जागा

इथे घाई करू नका. भाड्याच्या जाहिरातीत दिसणारा दर आणि आउटबॅकसाठी खरोखर पडणारा खर्च यांत फरक असतो, आणि तो पुढच्या गोष्टींमुळे.

किलोमीटर अमर्यादित आहेत का? मध्य ऑस्ट्रेलियातून उचललेल्या किंवा तिथे सोडलेल्या गाड्यांना बरेचदा दिवसाला ठरावीक किलोमीटर असतात, वरच्या प्रत्येक किलोमीटरला पैसे. आपला प्रवास दोन-अडीच हजार किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे हा आकडा भाड्यापेक्षा मोठा होऊ शकतो.

गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याचे वेगळे पैसे लागतात. ते मोजूनही मी एकेरी प्रवासच सुचवीन. एकट्या चालकाने तोच रस्ता उलटा कापायचा म्हणजे आणखी दीड हजार किलोमीटर.

अंधारात चालवायला परवानगी आहे का? बऱ्याच करारांत गावाबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवली आणि जनावराला धडकली तर विमा मिळत नाही असं लिहिलेलं असतं. कच्च्या रस्त्याचंही तेच. टायर, काच आणि गाडीची खालची बाजू विम्यात आहे का तेही विचारा. खडी उडून काचेला चीर जाणं या रस्त्यावर नेहमीचं आहे.

मुलाला गाडी चालवू द्यायची का? भारतातून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचा प्रश्नच नाही. तिथे वाढलेल्या मुलांकडे एल प्लेट (शिकाऊ परवाना) असते आणि लॉगबुकचे (सरावाच्या नोंदवहीचे) तास भरायला हा लांब सरळ रस्ता त्यांना मोहवतो. भाड्याच्या गाडीत सहसा विमा मिळत नाही, म्हणून नाहीच. स्वतःची गाडी असेल तर विम्याची पॉलिसी वाचा आणि लक्षात ठेवा, शिकाऊ चालकाची वेगमर्यादा हद्द ओलांडली की बदलते: साउथ ऑस्ट्रेलियात ताशी 100, नॉर्दर्न टेरिटरीत 80. मागून रोड ट्रेन (अनेक ट्रेलर ओढणारा लांबलचक ट्रक) येत असताना 80 ने जाणं सोपं नाही.

ताब्यात घेतलेली गाडी तिथेच पार्किंगमध्ये उघडा. स्टेपनी खरी आहे की नुसतं पंक्चर दुरुस्तीचं किट, जॅक कुठे, पाना कुठे. मुलाला हाताने जॅक लावून एकदा चाक उचलायला सांगा. कंपनीचा माणूस बघत राहील, राहू दे.

4. मुलाच्या हातात काय द्यायचं

मला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, आणि याच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

मूल गाडी चालवू शकत नाही. पण बाकी सगळं करू शकतं, आणि ते त्याला यायलाच हवं. तुम्ही चक्कर येऊन खाली बसलात तर मदत बोलावणारं तेच आहे. म्हणून ॲडलेड सोडण्याआधी पुढच्या गोष्टी त्याच्याकडे द्या. खेळ म्हणून नको, खरोखरच द्या.

मदतीचा फोन. तिथे पोलीस, ॲम्ब्युलन्स, आग या तिन्हींसाठी 000. आपण कुठे आहोत हे कसं सांगायचं याची तालीम घ्या. हायवेच्या कडेला दर काही किलोमीटरांवर छोट्या पाट्या असतात, त्यावर पुढच्या गावाचं आद्याक्षर आणि अंतर असतं. शेवटची पाटी कोणती गेली हे मुलाने कायम लक्षात ठेवायचं. आमच्याकडे चिरंजीव प्रत्येक पाटीला हळूच पुटपुटायचे. सुरुवातीला वैतागून, नंतर सवयीने.

फोन स्वतः तपासा. ऑस्ट्रेलियातलं 3जी जाळं 2024 मध्ये बंद झालं. भारतातून नेलेला एखादा फोन तिथे इंटरनेट दाखवतो, पण 4जीवरून 000 लावू शकत नाही. असे फोन तिथल्या कंपन्या बंदही करतात. ॲडलेडच्या दुकानात सिम घेताना हे विचारून घ्या आणि नसेल चालत तर साधा स्थानिक फोन घ्या. सिम टेल्स्ट्राचं. दुसऱ्या कंपन्यांची रेंज शहर सोडलं की बरीच कमी होते, आणि टेल्स्ट्राचं जाळं वापरणाऱ्या स्वस्त कंपन्यांपैकी सगळ्यांना पूर्ण जाळं मिळत नाही. टेल्स्ट्रा असलं तरी गावाच्या आणि रोडहाऊसच्या (हायवेवरचा पेट्रोलपंप आणि खानावळ) आसपासच रेंज. मधे काही नाही. नकाशे आधी उतरवून ठेवा.

बीकन. पर्सनल लोकेटर बीकन म्हणून मुठीएवढं यंत्र मिळतं, भाड्यानेही मिळतं. अँटेना उघडून बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला ठिकाण कळतं. ते जिवावर बेतल्यावरच वापरायचं, पेट्रोल संपलं म्हणून नाही. ते मुलाच्या बॅगेत ठेवा, तुमच्या नको.

पाणी आणि पेट्रोलची वही. किती लिटर भरलं, किती किलोमीटर झाले, डिकीत पाण्याचे किती कॅन उरले. माणशी दिवसाला 4-5 लिटर पिण्याचं धरा, आणि त्याहून वेगळे 20 लिटर गाडीत तसेच पडून असू द्या.

आणि एक नियम दोघांनी पाठ करायचा: गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालायला लागायचं नाही. गाडीची सावली असते, ती वरून दिसते आणि स्टुअर्ट हायवेवर कुणी ना कुणी येतंच. मदत शोधायला निघालेली माणसंच आउटबॅकमध्ये दगावतात.

5. रोज किती अंतर

मे-जूनमध्ये तिथे साधारण सकाळी सव्वासातला उजाडतं आणि सहाच्या आत अंधार पडतो. कांगारू पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर येतात, म्हणून दोन्हीकडचा तास सोडा. उरतात साडेआठ-नऊ तास, त्यातले थांबे वजा करा. एकट्या चालकाने 500 किलोमीटर ही वरची मर्यादा मानावी, आणि असे दिवस लागोपाठ नकोत. दर दोन तासांनी गाडीतून उतरायचंच.

मी सुचवते तो बेत असा. ॲडलेडमध्ये दोन रात्री, झोप आणि खरेदी. मग पोर्ट ऑगस्टा (300 किमी). दुसऱ्या दिवशी कूबर पेडी (540 किमी, हा सगळ्यात लांब, मर्यादेबाहेर जाणारा एकच दिवस). तिथे एक दिवस मुक्काम. मग एर्लडंडा (सुमारे 490). पुढच्या दिवशी युलारा (250) आणि तिथे तीन रात्री. किंग्ज कॅनियन (300), एक रात्र. शेवटी ॲलिस स्प्रिंग्ज (डांबरी रस्त्याने 470 च्या आसपास). किंग्ज कॅनियनहून ॲलिसला जायचा मेरिनी लूप नकाशावर जवळचा दिसतो. तो कच्चा आहे, फोर व्हील ड्राइव्ह आणि परमिट लागतं. मॅपचं ॲप त्याच रस्त्याने नेऊ पाहील, ऐकू नका.

6. रस्त्यावर

पेट्रोल: अर्ध्या टाकीला भरा, भाव बघू नका. ठोकळ अंतरं अशी: पोर्ट ऑगस्टा ते पिंबा 170, पिंबा ते ग्लेनडॅम्बो 115, तिथून कूबर पेडी 250, मग मार्ला 235, कुल्गेरा 180, एर्लडंडा 75. मधलं एखादं रोडहाऊस अचानक बंदही असतं. निघण्याआधी आदल्या मुक्कामी विचारा. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी ओपल नावाचं पेट्रोल मिळतं. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन रोखण्यासाठी ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. गाडीला ते चालतं, घाबरू नका. मुलाने विचारलं तर कारण खरंखरं सांगा.

रोड ट्रेन: एका ट्रकला तीन-तीन ट्रेलर, लांबी 53.5 मीटरपर्यंत. समोरून गेली की गाडी हलते, स्टिअरिंग घट्ट धरा. ओलांडायची असेल तर समोर किमान एक-दीड किलोमीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. घाई नसेल तर मागे राहा. पुढे थांबा येतोच.

जनावरं: नॉर्दर्न टेरिटरीत हायवेला कुंपण नसतं, गाई-बैल रस्त्यावर असतात. जनावर आडवं आलं तर ब्रेक सरळ दाबा, स्टिअरिंग फिरवू नका. गाडी उलटून माणसं जातात, धडकून क्वचित. मेलेल्या कांगारूवर मोठे गरुड बसलेले दिसतील. ते जड पक्षी आहेत, उडायला वेळ घेतात. लांबूनच वेग कमी करा. पंख पसरून काचेच्या उंचीला आलेला गरुड एकदा बघितला की पुढे सांगावं लागत नाही.

वेग साउथ ऑस्ट्रेलियात 110, हद्द ओलांडली की काही पट्ट्यांत 130. चालतं म्हणून 130 ने जाऊ नका, पेट्रोलचा हिशेब बिघडतो. समोरून येणारा चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तो नमस्कार आहे, तुम्हीही उचला.

पाऊस झाला तर कच्चे रस्ते बंद होतात आणि बंद रस्त्यावर गाडी घालणं हा गुन्हा आहे. आपण डांबरीवर आहोत, तरी सकाळी रस्त्यांची स्थिती बघायची सवय ठेवा.

7. कुठे थांबायचं, म्हणजे मुलाला कशात रस वाटेल

पोर्ट ऑगस्टाला बंदर बघा. 1865 च्या अखेरीस कराचीहून जहाजाने शंभराहून जास्त उंट आणि ते हाकणारी माणसं इथे उतरली. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तारेचे खांब, लोकर, रेल्वेचं सामान हे सगळं पुढे अशाच उंटांच्या तांड्यांनी आत वाहून नेलं. मोकळे सोडलेल्या उंटांची रानटी पिलावळ आजही या भागात आहे. ॲडलेड-डार्विन गाडीचं "द घान" हे नाव त्या उंटवाल्यांवरूनच पडलं, सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत असत.

पिंब्यापासून सहा-सात किलोमीटरवर वूमेरा. 1947 पासूनचं रॉकेट आणि क्षेपणास्त्रांचं चाचणी क्षेत्र. जपानच्या हायाबुसा यानाची लघुग्रहावरची माती घेऊन आलेली कुपी 2010 मध्ये याच भागात उतरली. गावात उघड्यावर जुनी रॉकेटं मांडली आहेत. आमच्या मुलाने इथे पहिल्यांदा कानातले इयरफोन आपणहून काढले. हायवेचा बराच भाग या प्रतिबंधित क्षेत्रातून जातो, त्यामुळे वाटलं म्हणून आडरस्त्याला गाडी घालायची नाही. पुढे रस्त्यावर पांढरे पट्टे आखलेले दिसतील. तो फ्लाइंग डॉक्टरांच्या विमानासाठीचा तातडीचा रनवे. लेक हार्टला थांबा, क्षितिजापर्यंत मिठाचं तळं.

कूबर पेडीला एक दिवस द्याच. 1915 मध्ये बापाबरोबर सोनं शोधायला आलेल्या तुकडीतला 14 वर्षांचा विली हचिसन पाणी शोधायला बाहेर पडला आणि त्याला ओपल नावाची रत्नं सापडली. गाव त्यातून उभं राहिलं. तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाला ही गोष्ट थेट कूबर पेडीत सांगा, आधी नको. तिथे लोक जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात, आत बारा महिने विशीतलं तापमान. राहायलाही तसंच घ्या. खिडकी नसल्यामुळे दिवा मालवला की हातसुद्धा दिसत नाही, त्यामुळे किशोरवयीन मूल दहापर्यंत उठत नाही. त्या दिवशी उठवू नका. खाणीच्या मातीच्या ढिगांत ओपलचे तुकडे शोधायला सार्वजनिक जागा आहे, तिथेच शोधा. बाकी सगळीकडे हजारो उघडे खड्डे आहेत. फोटो काढताना मागे सरकायचं नाही, हे मुलाला दोनदा सांगा. जवळच्या ब्रेकअवेजच्या टेकड्यांना जायला पास लागतो, तोही गावातूनच घेऊन जा. तिथून डिंगो कुत्र्यांना अडवण्यासाठी घातलेलं, 5,000 किलोमीटरहून लांब कुंपण दिसतं.

एर्लडंडाहून युलाराला जाताना डाव्या हाताला सपाट माथ्याचा मोठा डोंगर येतो. "आला उलुरू" म्हणून सगळे फोन बाहेर काढतात. तो माउंट कॉनर. पैज लावायला उत्तम.

8. उलुरूला

पास तीन दिवसांचा, ऑनलाइन काढा. 18 वर्षांखालच्यांना मोफत. किंग्ज कॅनियनला टेरिटरीचा वेगळा पार्क पास लागतो.

इथली जमीन अनंगू या मूळ रहिवाशांची. 1985 मध्ये ती त्यांना परत मिळाली. वर चढणं 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमचं बंद आहे. मुलं विचारतात, "मग करायचं काय?" खालून पूर्ण फेरी मारा. साधारण 10 किलोमीटर, सपाट, साडेतीन-चार तास. पहाटे निघा. लांबून गुळगुळीत दिसणारा खडक जवळून खरखरीत, पापुद्रे सुटलेला, पाण्याच्या काळ्या ओघळांनी माखलेला आहे. रेंजरबरोबर मोफत माला वॉक असतो, तो आधी घ्या, मग फेरीत काय बघतोय ते कळतं.

काही जागा पवित्र आहेत आणि तिथे फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. रील करणाऱ्या मुलाला हे आदल्या रात्री सांगा, पाटीसमोर उभं राहून वाद नको. ड्रोन चालत नाही. खडा, वाळू काही उचलायचं नाही. लोकांनी नेलेले दगड माफीच्या पत्रांसह पोस्टाने परत येतात, ती पत्रं सांस्कृतिक केंद्रात ठेवलेली असत.

उलुरूजवळच्या काटा जुटा या खडकांमधली व्हॅली ऑफ द विंड्सची वाट आणि किंग्ज कॅनियनची 6 किलोमीटरची कडा, दोन्ही मला उलुरूच्या फेरीपेक्षा जास्त आवडल्या. कॅनियनची सुरुवातीची चढण उभी आहे, मूल पुढे पळेल. कड्याला कठडे नाहीत. "मी दिसत राहीन एवढ्याच अंतरावर" हा करार खाली, गाडीपाशी करून घ्या. चालताना तासाला माणशी एक लिटर पाणी. अंदाज 36 अंशांच्या वर असेल तर हे मार्ग सकाळीच बंद होतात.

रात्री दिव्यांपासून लांब जा आणि आकाशगंगेतला इमू पक्ष्याचा आकार शोधा. तो ताऱ्यांचा नसून मधल्या काळ्या जागांचा आहे. डोकं सदर्न क्रॉस या तारकासमूहाच्या शेजारच्या काळ्या डागात, मान आणि धड तिथून पुढे. मेमध्ये संध्याकाळनंतर छान दिसतो.

9. खाणं

रोडहाऊसमध्ये शाकाहारी माणसाला चिप्स, टोस्टेड सँडविच, नशीब असलं तर व्हेज बर्गर. मोठा बाजार पोर्ट ऑगस्टाला, मग थेट ॲलिसला. कूबर पेडी आणि युलाराला एकेक सुपरमार्केट आहे. ॲडलेडहून बर्फाची पेटी घ्या, तिथे तिला एस्की म्हणतात. मोटेलच्या खोलीत बहुधा किटली, मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो. मायक्रोवेव्हमध्ये मुगाची खिचडी होते. रस्त्यात दडपे पोहे: पातळ पोहे, ओलं खोबरं नसेल तर सुकं, कांदा, लिंबू, मीठ, साखर, नारळाचं पाणी किंवा नुसतं पाणी. विस्तव लागत नाही आणि पोर दोन वाट्या खातं. मेलबर्नहून रेनमार्कच्या बाजूने येणार असाल तर फळं सोबत आणू नका, फळमाशीच्या नाक्यावर टाकून द्यावी लागतात.

10. गप्पांबद्दल थोडं

पहिले दोन दिवस मूल बोलणार नाही. इयरफोन, खिडकी, झोप. बोलायला लावू नका, "बघ किती सुंदर" तर अजिबात नको. गाणी एक तास त्याची, एक तास तुमची, एक तास काहीच नाही, एवढं ठरवा. कूबर पेडीच्या पुढे मार्ल्यापर्यंत बघण्यासारखं फारसं काही नाही. तिथेच कॉमर्स की सायन्स हा विषय निघतो, आणि तो त्याने काढलेला असतो. समोर रस्त्याकडे बघत ऐका. उत्तर त्याच दिवशी द्यायची गरज नाही.

11. गाडी परत करताना

ॲलिस स्प्रिंग्जला एक दिवस जास्त ठेवा. स्कूल ऑफ द एअर बघा. शेकडो मैलांवरच्या फार्मवरची मुलं 1951 पासून इथून रेडिओवर शाळा शिकली, आता इंटरनेटवर शिकतात. कोरोनात मोबाइलवर शाळा शिकलेल्या पिढीला हे लगेच समजतं. अंधार पडल्यावर गावात पायी हिंडू नका, टॅक्सी घ्या. अल्पवयीन मुलांसाठी रात्रीचे निर्बंध इथे मधूनमधून लागू झाले आहेत, हॉटेलात विचारून घ्या.

गाडी देण्याआधी धुवून घ्या. लाल माती दाराच्या फटीत, डिकीत, सीटबेल्टच्या पट्ट्यात बसलेली असते आणि जास्तीची सफाई म्हणून पैसे लावतात. टाकी भरून पावती ठेवा. चारी बाजूंचे, काचेचे, टायरचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो मुलाला काढायला सांगा, तारीख-वेळेसकट. कार्डावर अडवलेली अनामत सुटायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर ते फोटो फोनमधून पुसू नका.